'व्हॅम'मधला दुसरा मुलगा नेमकं करायचा काय?

डिसेंबर आला की रील्सवर 'लास्ट ख्रिसमस' सुरू होतं. गाणं 'व्हॅम' या ब्रिटिश जोडीचं. त्यातला जॉर्ज मायकल सगळ्यांना माहितीये. पण शेजारचा तो गिटारवाला? तो अँड्र्यू रिजली. 'नुसता उभा राहायचा आणि फुकटात स्टार झाला,' असं त्याच्याबद्दल गेली चाळीस वर्षं बोललं जातंय. आज बघूया, यात किती तथ्य आहे.

आधी सरळ गोष्ट. आवाज जॉर्जचाच होता. 'लास्ट ख्रिसमस' त्याने एकट्याने लिहिलं, त्यातली वाद्यंही त्यानेच वाजवली. इथे वाद नाही.

पण जरा मागे जाऊ. १९७५, लंडनजवळच्या बुशी गावातली शाळा. वर्गात नवा मुलगा येतो: जाड, चष्मेवाला, लाजाळू. नाव योर्गोस पानायिओतू. याच्याकडे लक्ष कोण देईल, असं बाईंनी विचारल्यावर हात वर केला अँड्र्यूने. हा योर्गोस म्हणजेच पुढचा जॉर्ज मायकल. अँड्र्यू त्याला 'योग' म्हणायचा.

बँड काढायचाच, हा हट्टही अँड्र्यूचा. कपडे कसे घालायचे, स्टेजवर बिनधास्त कसं वावरायचं, हे जॉर्ज त्याच्याकडे बघून शिकला. म्हणजे सुरुवातीला स्टार अँड्र्यू होता, जॉर्ज त्याच्यासारखं व्हायला बघत होता!

आता गाण्यांकडे येऊ. गाणं गातो कोण आणि लिहितो कोण, याची नोंद वेगवेगळी होते. 'व्हॅम रॅप', 'क्लब ट्रॉपिकाना' आणि 'केअरलेस व्हिस्पर' या तिन्ही गाण्यांवर लेखक म्हणून दोघांची नावं आहेत. हो, तेच सॅक्सोफोनवालं 'केअरलेस व्हिस्पर'! १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये ते एकट्या जॉर्जच्या नावाने आलं, त्यामुळे दुसरं नाव लोकांच्या लक्षातच राहिलं नाही. आणि 'वेक मी अप बिफोर यू गो-गो' हे नाव कुठून आलं माहितीये? अँड्र्यूने आईवडिलांसाठी चिठ्ठी लिहिली, त्यात चुकून 'अप' दोनदा पडलं, मग गंमत म्हणून त्याने 'गो'ही दोनदा लिहिलं. जॉर्जने ते उचललं.

पण मला सगळ्यात मोठी वाटते ती पुढची गोष्ट. 'मेक इट बिग' या दुसऱ्या अल्बमपर्यंत लिखाण जवळजवळ सगळं जॉर्जकडे गेलं होतं. अशा वेळी किती जोड्या फुटतात! 'माझंही गाणं घे' म्हणून भांडणं होतात, प्रकरण कोर्टात जातं. अँड्र्यूने ओळखलं की मित्र आपल्यापेक्षा खूप पुढचा आहे, आणि त्याला वाट करून दिली. २८ जून १९८६ ला वेम्बली स्टेडियमवर ७२,००० लोकांसमोर दोघांनी शेवटचा कार्यक्रम केला आणि 'व्हॅम' मित्र म्हणूनच थांबवलं. २०१६ च्या ख्रिसमसला जॉर्ज गेला, तोवर दोस्ती टिकली होती.

अँड्र्यूचं पुढे काय? फॉर्म्युला थ्री रेसिंग करून पाहिलं. १९९० मध्ये स्वतःचा अल्बम काढला, तो आपटला. म्हणून 'बघा, याच्यात काही नव्हतंच' म्हणणाऱ्यांना आयतंच सापडलं. पण एकट्याने गाजणं हे एक काम, आणि दुसऱ्याला गाजण्याइतकी हिंमत देणं हे वेगळं काम. दुसऱ्या कामाचा चार्ट निघत नाही, एवढंच.

तर आता 'केअरलेस व्हिस्पर' लावाल, तेव्हा ॲपमध्ये गाण्याचे क्रेडिट्स उघडून बघा. दोन नावं दिसतील. आणि तुमच्या ग्रुपमध्ये असा अँड्र्यू कोण, तेही कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात!