मधमाशीचा धडा कांद्याच्या गोंड्यावर

दर वर्षी २० मे रोजी जागतिक मधमाशी दिन असतो. अठराव्या शतकातले स्लोव्हेनियाचे मधुपालक अँटोन यान्शा यांच्या स्मरणार्थ संयुक्त राष्ट्रांनी २०१७मध्ये हा दिवस ठरवला. युरोपात तेव्हा रानं फुललेली असतात. अहिल्यानगर जिल्ह्यात मात्र मे महिन्यात शाळांना सुट्टी, विहिरींनी तळ गाठलेला आणि शिवार बहुतेक उघडं. मुलांना मधमाशी शिकवायची तर आपला दिवस वेगळा हवा, आणि तो शोधायला लांब जायला नको. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. त्या सुमाराला शाळा भरलेली असते आणि शेतात कांद्याचे डोंगळे फुललेले असतात.

कांदा करणाऱ्या घरातल्या मुलांना डोंगळे नवे नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बियाण्यासाठी निवडलेला कांदा लावतात, त्यातून दांडे वर येतात आणि टोकाला पांढरे गोल गोंडे धरतात. एकेका गोंड्यात शेकडो बारीक फुलं असतात. ती एकदम उमलत नाहीत, दोन-तीन आठवडे थोडी थोडी उमलत राहतात. प्रत्येक फुलात सहा पुंकेसर आणि मध्ये एक स्त्रीकेसर. पण पुंकेसरांवरचे पराग आधी मोकळे होऊन जातात, आणि त्याच फुलाची कुक्षी पराग घ्यायला नंतर तयार होते. त्यामुळे दुसऱ्या फुलावरचा पराग कुणीतरी आणून द्यावा लागतो. हे काम आग्या, सातेरी, फुलोरी या मधमाश्या आणि फुलांवर येणारे इतर काही कीटक करतात. पराग पोचला तर एका फुलात जास्तीत जास्त सहा बिया भरतात. नाही पोचला तर बोंड पोकळ राहतं.

त्यात एक अडचण आहे. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम बरंच असतं आणि मधमाशीला तो फारसा रुचत नाही. जवळपास तिच्या आवडीचं दुसरं काही फुललेलं असलं, की ती तिकडे वळते. शिवारात मधमाश्या मुळातच थोड्या उरल्या, तर डोंगळ्याच्या वाट्याला किती येणार? जिल्ह्यात ऊस पुष्कळ आहे, आणि तो कितीही हिरवागार दिसला तरी मधमाशीच्या पोटाला त्यात काही नाही.

हे सगळं तक्त्यावर शिकवता येतं, पण मुलांनी ते हाताने करावं. न उमललेले सहा गोंडे निवडायचे. तीन गोंड्यांवर मच्छरदाणीच्या कापडाची सैल पिशवी बांधायची, तीन उघडे ठेवायचे. सकाळी ऊन तापण्याआधी दहा मिनिटं उभं राहून उघड्या गोंड्यांवर कोण किती वेळा आलं ते वहीत लिहायचं. मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये बोंडं वाळली, की बी मोकळं करून मोजायचं. पिशवीतल्या गोंड्यातही थोडं बी सापडेल, कारण एकाच गोंड्यातली पुढेमागे उमललेली फुलं एकमेकांना लागतात. हे बी कुठून आलं, असं मुलांनी विचारलं की धडा खरा सुरू झाला.

लहान मुलांकडून असं काम होतं का, अशी शंका कुणाला येईल. इंग्लंडमधल्या ब्लॅकॉटन गावच्या प्राथमिक शाळेत ८ ते १० वर्षांच्या २५ मुलांनी गुंजमाश्यांवर (बंबलबी) प्रयोग केले. फूल निवडताना माशी रंग आणि त्यांची मांडणी कशी वापरते, हे त्यांनी तपासलं. त्यांचा निबंध २०१०मध्ये रॉयल सोसायटीच्या ‘बायॉलॉजी लेटर्स’ या नियतकालिकात छापून आला. आपल्या मुलांकडे तर प्रयोगशाळा बांधावरच आहे.

अकोले तालुक्यात पावसाळ्यातही हे करता येईल. तिथल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या कामासाठी २०२०मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी जपली तशा भाज्यांच्या वेलांची पुढची पिढी परागीभवनावरच टिकते. लाल भोपळ्याची नर आणि मादी फुलं वेगळी असतात, मादी फुलाखाली इवलासा भोपळा आधीच दिसतो. पराग मिळाला नाही तर तो पिवळा पडून गळतो. दुधी भोपळ्याची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि त्यांच्याकडे पतंग येतात. परागीभवन म्हणजे फक्त मधमाशी नव्हे, हे मुलांना तिथे कळेल.

राहिली भीती, आणि आग्या माशीची भीती खोटी नाही. तिचं मोहोळ उठलं तर जीवावर बेततं. म्हणून मुलांना नेमकं सांगावं: फुलावर बसलेली माशी आपण होऊन चावत नाही, ती पोळं राखताना चावते. पोळ्याला दगड मारायचा नाही, खाली धूर करायचा नाही. एखादी चावली तर काटा नखाने लगेच खरवडून काढायचा आणि तिथून लांब जायचं, कारण त्या काट्याबरोबर सुटणारा वास इतर माश्यांना बोलावतो. शाळेच्या इमारतीवर पोळं धरलं तर ते जाळू नये. जाणकाराला बोलवावं.

घरी मुलांनी एक निरोप न्यावा, फवाऱ्याचा. फुलकिड्यांसाठी मारलेलं औषध मधमाशी ओळखून वगळत नाही. युरोपीय संघाने २०१८मध्ये इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम यांच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी घातली, ती मधमाश्यांसाठीच. डोंगळे फुलात असताना फवारणी टाळावी. टाळणं शक्यच नसेल तर दिवस मावळल्यावर, माश्या परतल्यावर करावी.

मुख्याध्यापकांनी येत्या २८ फेब्रुवारीला भाषणांचा कार्यक्रम तासाभरात आटोपून मुलांना शेतावर न्यावं. आणि गावातल्या एखाद्या शेतकऱ्याने डोंगळ्याचे दोन वाफे त्यांच्यासाठी मोकळे ठेवावेत, फुलोरा संपेपर्यंत तिथे फवारा नेऊ नये.