पद्मिनीला पोचा पडला तर…

कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली प्रीमियर पद्मिनी म्हणजे मुळात १०८९ सीसीची फियाट ११००. तिचं उत्पादन थांबूनही आता वीसपेक्षा जास्त वर्षं झाली. त्यामुळे पार्किंगमध्ये कुणी रिव्हर्स घेताना धडक दिली, तर जुना भाग भंगारात देऊ नका. वाकलेला बंपर सरळ करून त्यावर पुन्हा क्रोम चढवता येतो. तुटून पडलेली क्रोमची पट्टी, दिव्याची रिंग जागेवरून उचलून ठेवा.

खरी कसोटी पत्र्याची. चांगला डेंटर आतून डॉली (लोखंडी ठोकळा) लावतो, बाहेरून हलक्या हातोडीने ठोकत पोचा काढतो आणि लांबी (पुट्टी) शेवटी, पातळ थरापुरतीच वापरतो. पोचा तसाच ठेवून वर लांबी थापली की काही काळाने तडे जातात, पाणी शिरतं आणि रंगाखाली पत्रा सडतो. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत तर लवकरच. रंग देण्याआधी पत्र्यावर छोटं लोहचुंबक फिरवा. जिथे ते धरत नाही, तिथे लांबी जाड आहे. काम परत करून घ्या.

विम्याचा दावा करायचा असेल तर दुरुस्तीआधी फोटो काढून कंपनीला कळवा. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची विमा-किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी ती आग्रहाने ठरवून घ्या.

जुने भाग जपण्याचं आणखी एक कारण: पन्नास वर्षं पूर्ण केलेल्या गाडीची २०२१च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते, पण ती मूळ रूपात असेल तरच.