रांगणा एका दिवसात: आखणी उतरण्यापासून
मालवणहून एका दिवसात रांगणा करायचा, तर आधी परतीची वेळ ठरवावी. किल्ला कोल्हापूरच्या भुदरगड तालुक्यात असला, तरी कुडाळ तालुक्यातल्या नारूरहून चढताना जवळजवळ सगळी उंची पायांनीच कमवावी लागते. नकाशावरचं अंतर इथे फसवं. सह्याद्रीचा हा उतार पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे सकाळी कड्याची सावली आणि दुपारनंतर थेट ऊन. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, दाट झाडीत काळोख त्याआधीच होतो. म्हणून उजाडताच चढाई सुरू करावी आणि दुपारी एकला, गड पुरता पाहून झाला नसला तरी, उतरायला लागावं.

कोल्हापूरच्या बाजूने वाहन बरंच जवळ जातं, मग ही दगदग कशाला? नुसता गड पाहायचा असेल तर ती वाट बरीच. पण १६६७ मध्ये शिवाजी महाराजांनी विजापूरच्या वेढ्यातून सोडवलेल्या या गडाचं कोकणावरचं वर्चस्व खालून चढतानाच उमगतं. पावसाळ्यातली हिरवाई अधिक देखणी, हे मान्य. पण याच डोंगररांगेतल्या आंबोलीत वर्षाला सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. सकाळी ओलांडलेला ओढा संध्याकाळी वाट देईलच असं नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ धरावा आणि गावातला वाटाड्या सोबत घ्यावा.