बोल्टवर लोड शून्य कसा? सिम्युलेशनमधला ‘कॉन्टॅक्ट’

फोनवर ऐकताय ना? मग फोन टेबलावर ठेवा आणि उचला. टेबल सोबत आलं का? नाही. पण सिम्युलेशनमध्ये ते येऊ शकतं, आणि सॉफ्टवेअर एररसुद्धा देत नाही!

माझ्या पहिल्या नोकरीतली गोष्ट. प्लेटला चार बोल्टांनी बसवलेलं एल आकाराचं ब्रॅकेट होतं, त्यावर वर ओढणारा लोड. मी मॉडेल इम्पोर्ट केलं, मेश केलं, सॉल्व्ह केलं. स्ट्रेस एकदम कमी. खूश होऊन रिपोर्ट पाठवला. सरांनी एकच विचारलं, “बोल्टवर लोड किती येतोय रे?” बघितलं तर जवळजवळ शून्य. “मग बोल्ट लावतोयस कशाला?”

झालं असं, की अ‍ॅन्सिस मेकॅनिकल जवळजवळचे पृष्ठभाग शोधून आपोआप कॉन्टॅक्ट तयार करतं, आणि तो डिफॉल्टने ‘बाँडेड’ असतो. म्हणजे चिकटवलेला. माझं ब्रॅकेट प्लेटला पूर्ण चिकटलं होतं, सगळा लोड त्या चिकटलेल्या भागातून जात होता.

प्रकार पाच लक्षात ठेवा. बाँडेड: सुटत नाही, सरकत नाही. नो सेपरेशन: सुटत नाही, पण थोडं सरकतं. फ्रिक्शनलेस: सुटतं आणि मोकळं सरकतं. रफ: सुटतं, पण सरकत नाही. फ्रिक्शनल: सुटतं, आणि घर्षणाची मर्यादा ओलांडली की सरकतं. घर्षणांक 0.2 धरला, तर 1000 न्यूटन दाबाखाली 200 न्यूटनपर्यंतचा आडवा जोर थोपवला जातो.

मी फ्रिक्शनल निवडलं, बोल्ट आवळल्याचा ताणही दिला. आता लोड वाढताच ब्रॅकेट प्लेटपासून उचललं गेलं, कडा तरफेसारखी टेकली आणि बोल्टवरचा ताण चांगलाच वाढला. खरी काळजी तिथेच होती. रिपोर्ट तसाच पुढे गेला असता तर?

मग सगळीकडे फ्रिक्शनलच द्यायचं का? नाही. सांधा उघडला की मिटलाय हे सॉफ्टवेअरला पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. वेळ लागतो, कधी उत्तर जुळतच नाही. वेल्ड असेल तिथे बाँडेड ठीक आहे.

सॉल्व्ह दाबण्याआधी प्रत्येक जोडीला एक प्रश्न विचारा: हे दोन भाग खऱ्या आयुष्यात सुटू किंवा सरकू शकतात का? उत्तर तुम्ही द्या, डिफॉल्टला देऊ देऊ नका. भेटू पुढच्या भागात!