गॅसचा घोडा की डिझेलचा?

आपल्या समाजातील कितीतरी माणसांनी उभे आयुष्य मालमोटारीत क्लिनरच्या जागेवर काढले. त्यांतले काही पुढे ड्रायव्हर झाले, स्टिअरिंग हाती आले, पण गाडीचे कागद कायम दुसऱ्याच्याच नावावर राहिले. आज त्यांची मुले स्वतःच्या नावावर ट्रेलर पासिंग करून घेऊ पाहत आहेत, ही आम्हाला मोलाची गोष्ट वाटते. 2016 साली आलेली आणि 2025 पर्यंत चाललेली स्टँड-अप इंडिया योजना अनुसूचित जाती-जमातींच्या व महिला उद्योजकांसाठी 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत कर्जाची होती. त्या कर्जासाठी बँकांनी किती उंबरे झिजवायला लावले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. 2012 च्या सार्वजनिक खरेदी धोरणाने केंद्राची खाती आणि उपक्रम यांना आपल्या खरेदीतील 4 टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घेण्याचा दंडक घालून दिला आहे. दार किलकिले झाले आहे खरे. पण आत पाऊल टाकतानाच आपल्या तरुणासमोर प्रश्न उभा राहतो : घोडा कोणता घ्यायचा? गॅसवरचा की डिझेलवरचा?

घोडा म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी, हे न्हावा-शेव्याच्या रस्त्यावर उभ्या राहिलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही. 2018 साली केंद्राने आसभाराच्या मर्यादा वाढवल्या तेव्हापासून घोडा, ट्रेलर आणि माल मिळून जास्तीत जास्त 55 टन वजन कायदेशीर झाले. एवढे धूड घेऊन बोरघाट किंवा कसारा घाट चढायचा, तर इंधनाची निवड हा हौसेचा प्रश्न उरत नाही. अमेरिकेतही मोठा ट्रेलर ओढायला ‘गॅस’ बरा की डिझेल, असा वाद घरोघरी चालतो. तिथे ‘गॅस’ म्हणजे पेट्रोल आणि ट्रेलर म्हणजे बहुधा सुट्टीत फिरायला न्यायचे चाकांवरचे घर! आपल्याकडे घोड्याच्या मागे कर्जाचा हप्ता जोडलेला असतो आणि बहुतेक वेळा त्या हप्त्यामागे बापाने बांधलेले घर तारण असते.

आधी यंत्राचे बोलू. डिझेलच्या इंजिनात हवा सोळा-अठरा पट दाबली जाते. त्या दाबाने ती इतकी तापते की डिझेल फवारताच पेट घेते. ठिणगी लागतच नाही. कमी फेऱ्यांवर भरपूर ओढ मिळते ती यामुळेच, आणि म्हणून जगभर जड माल डिझेलवर चालला. गॅसच्या इंजिनात दाब कमी, साधारण अकरा-बारा पट, आणि पेट द्यायला स्पार्क प्लग लागतो. जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी ‘गॅसची गाडी घाटात बसते’ हे वाक्य अजून आहे. ते पूर्वी खरे होते, आता अर्धेच खरे आहे. चाकणच्या ब्लू एनर्जी मोटर्सने सप्टेंबर 2022 मध्ये द्रवरूप गॅसवरचा, म्हणजे एलएनजीवरचा, 55 टनी घोडा बाजारात आणला, तो 280 अश्वशक्तीचा आहे. ओढीच्या बाबतीत तो डिझेलच्या घोड्यासमोर लाजत नाही.

अडचण ओढीची कमी आणि टाकीची जास्त आहे. सीएनजी 200 बार दाबाने सिलिंडरात कोंबला तरी डिझेलच्या एका लिटरइतकी ऊर्जा साठवायला चौपट जागा खातो. वर सिलिंडर पोलादी, त्यांचे वजन वेगळे. वजन 55 टनांत बसवायचे म्हटल्यावर सिलिंडरांचा भार तुमच्या मालातून वजा होतो, म्हणजेच भाड्यातून वजा होतो. म्हणून सीएनजी छोट्या आणि मधल्या गाड्यांत रुळला. मोठ्या ट्रेलरसाठी खरा सामना एलएनजी आणि डिझेल यांचा आहे. एलएनजी म्हणजे तोच गॅस उणे 162 अंशांपर्यंत थंड करून द्रव केलेला. त्याचे आकारमान सहाशेपटीने घटते, टाकीत भरपूर मावतो, आणि कंपनी एका भरणीत 1400 किलोमीटरपर्यंतचा दावा करते.

मात्र या थंड इंधनाची एक खोड आहे, आणि जाहिरातीच्या पत्रकात ती ठळक टायपात नसते. टाकी कितीही चांगली असली तरी बाहेरची ऊब आत शिरतेच. गॅस हळूहळू उकळतो, दाब वाढतो आणि गाडी काही दिवस उभीच राहिली तर झडप उघडून तो हवेत निघून जातो. ज्याच्याकडे पन्नास गाड्या आणि वर्षभराचे करार आहेत त्याची गाडी उभी राहत नाही. उभी राहते ती एका गाडीच्या मालकाची. पावसाळ्यात लोड नाही, दलालाने फोन उचलला नाही, कागदासाठी आरटीओत चार दिवस गेले, ड्रायव्हर गावी गेला. डिझेल त्या काळात टाकीत मुकाट पडून राहते. एलएनजी मात्र मालकाच्या पैशाची हवा करतो.

आणि भरायचा कुठे? नोव्हेंबर 2020 मध्ये केंद्राने पहिल्या 50 एलएनजी स्थानकांची पायाभरणी केली, तीन वर्षांत हजार स्थानके उभारू असे सांगितले. जुलै 2021 मध्ये नागपुरात खासगी क्षेत्रातील पहिले स्थानक सुरू झाले, त्याचा गाजावाजा झाला. तीन वर्षांची मुदत केव्हाच संपली, हजाराच्या जवळपासही आपण गेलेलो नाही. न्हावा-शेवा ते नागपूर अशी ठरलेली फेरी असेल तर हिशेब बसू शकतो. पण एका गाडीच्या मालकाला ठरलेली फेरी कोण देतो? आज लोड लातूरचा, उद्या हुबळीचा, परवा रिकामी गाडी घेऊन परत. डिझेल मात्र रानातल्या पंपावरही मिळते.

इतके वाचून आम्ही डिझेलची वकिली करतो आहोत असे कुणाला वाटेल. तसे नाही. एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम आले आणि डिझेलची गाडीही पूर्वीसारखी साधी राहिली नाही. युरियाची वेगळी टाकी आली, धुरातली काजळी पकडणारी जाळी आली. ही जाळी साफ व्हायला धूर चांगला तापावा लागतो. बंदरातून दहा-वीस किलोमीटरवरच्या गोदामापर्यंत रांगेत रखडत जाणारी गाडी तापतच नाही. जाळी तुंबते, दिवा लागतो, इंजिन आपोआप ओढ कमी करते आणि घोडा गाढव होतो. अशा जवळच्या फेऱ्यांना गॅसच बरा. न्हावा-शेवा बंदरात तर 2025 पासून विजेवरचे अवजड ट्रकही उतरले आहेत.

शिवाय धुराचा प्रश्न आहे आणि तो आपल्याला टाळता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून 2012 मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणारा असल्याचे जाहीर केले. तो धूर प्रथम कोण घेतो? रांगेत दिवसभर थांबलेला ड्रायव्हर, चाकाजवळ झोपणारा क्लिनर, आणि महामार्गाला खेटून असलेल्या वस्त्यांतली मुले. या वस्त्या कुणाच्या, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. जानेवारी 2025 मध्ये राज्य सरकारने मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांवर बंदी घालता येईल काय हे पाहण्यासाठी समिती नेमली. दिल्लीत बसगाड्या सीएनजीवर गेल्या त्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1998 च्या आदेशामुळे. असा आदेश येतो तेव्हा मोठा मालक जुन्या गाड्या दुसऱ्या राज्यात विकून मोकळा होतो. एका गाडीच्या मालकाचे हप्ते तोवर निम्मेही फिटलेले नसतात.

आता मुद्द्याचे. आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट यंत्रात नाही आणि टाकीतही नाही, ती भाड्याच्या करारात आहे.

2022 सालचा मुंबईचा हिशेब पाहा. राज्य सरकारने गॅसवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला आणि 1 एप्रिलला सीएनजी 66 रुपयांवरून 60 रुपये किलो झाला. त्या दिवशी डिझेल 100 रुपये 94 पैसे होते. चाळीस रुपयांहून जास्त फरक! अनेकांनी त्या भरवशावर काही लाख रुपये जास्त मोजून गॅसच्या गाड्या नोंदवल्या. मग युक्रेनच्या युद्धाने गॅसचे जागतिक भाव भडकले. आपल्या देशाला लागणारा निम्म्याच्या आसपास गॅस बाहेरून येतो, त्यामुळे नोव्हेंबर उजाडेपर्यंत सीएनजी 89 रुपये 50 पैशांवर गेला. दरम्यान केंद्राने अबकारी कर आणि राज्याने व्हॅट कमी केल्याने डिझेल 94 रुपये 27 पैशांवर उतरले होते. फरक उरला पाच रुपयांच्या आत.

समजा एखादी गाडी महिन्याला 1500 किलो गॅस खाते, आणि सोयीसाठी एक किलो गॅस व एक लिटर डिझेल सारखेच अंतर तोडतात असे धरू. प्रत्यक्षात किलो थोडा पुढे जातो. एप्रिलमध्ये महिन्याची बचत साठ हजारांच्या वर. नोव्हेंबरमध्ये सात हजार. हप्ता तोच.

पण खरी मेख पुढे आहे. वर्षभराच्या वाहतूक करारांत इंधन-वाढीचे कलम असते : इंधन इतके वाढले तर भाडे इतके वाढेल, घटले तर घटेल. हे इंधन म्हणजे जवळजवळ नेहमी डिझेल. म्हणजे 2022 च्या त्या सात महिन्यांत गॅसच्या गाडीचा इंधनखर्च किलोमागे साडेएकोणतीस रुपयांनी चढला आणि तिचे भाडे मात्र डिझेलच्या घसरणीबरोबर खाली आले. दीड हजार किलोवर हा चव्वेचाळीस हजारांचा मासिक खड्डा आहे. तो माल पाठवणाऱ्या कंपनीने भरला नाही, गॅस कंपनीने भरला नाही, ‘स्वच्छ इंधन वापरा’ म्हणून भाषणे देणाऱ्या मंत्र्यांनीही भरला नाही. एप्रिल 2023 मध्ये देशातल्या गॅसच्या किमतीचे सूत्र बदलले, सीएनजी 79 वर आला, थोडा श्वास मिळाला. तोवर ज्यांच्या गाड्या फायनान्सवाल्यांनी ओढून नेल्या, त्यांना त्या सूत्राचा काय उपयोग?

उधारीचाही एक पदर आहे. भाड्याचे पैसे दोन-दोन महिने येत नाहीत. लघु उद्योगांची देणी 45 दिवसांत द्यावीत असे 2006 चा कायदा सांगतो, तो सांगतच राहतो. इंधन मात्र रोज लागते. डिझेलच्या पंपावर ओळखीच्या मालकाचे खाते चालते. ओळख कुणाची, नाते कुणाचे, आडनाव कोणते, यावर ते खाते उघडते. गॅसच्या पंपावर आडनाव विचारत नाहीत, कारण तिथे उधारी कुणालाच नाही! नोव्हेंबर 2025 मध्ये मुंबईत मुख्य वाहिनीला इजा होऊन दोन-तीन दिवस सीएनजीचा पुरवठा कोलमडला, तेव्हा मात्र ती समता रांगेत सर्वांनी अनुभवली.

म्हणून आमचे म्हणणे असे. ज्याच्या हाती लेखी, एक-दोन वर्षांची, ठरलेल्या मार्गाची फेरी आहे, त्या मार्गावर दोन तरी भरणीची ठिकाणे आहेत, आणि करारातले इंधन-कलम गॅसच्या भावाशी बांधलेले आहे, त्याने गॅसचा घोडा खुशाल घ्यावा. यातली शेवटची अट नसेल तर बाकीच्या दोहोंवर भुलू नये. ज्याला रोज बाजारात लोड शोधायचा आहे, त्याने पहिली गाडी डिझेलचीच घ्यावी, तीही जमल्यास दोन-तीन वर्षे वापरलेली बीएस-6. विक्रेत्याच्या कोष्टकात आजचा भाव पाच वर्षे तसाच धरलेला असतो. ते कोष्टक घरी आणून भावातला फरक पाच रुपये धरून पुन्हा मांडावे, आणि तरीही हप्ता निघतो का ते पाहावे.

आपल्या उद्योजकांच्या संघटनांनीही 4 टक्क्यांची मागणी करून थांबू नये. सार्वजनिक उपक्रम गॅसच्या गाड्या मागतात, तर त्यांच्या निविदांत भाडेही गॅसच्या भावाने हलले पाहिजे, हे बोलीपूर्व बैठकीत लेखी मांडले पाहिजे. निविदा उघडल्यावर ओरडून उपयोग होत नाही. हे कलम पहिल्या पानावर नसते, दरपत्रकाच्या मागच्या परिशिष्टात असते, आणि सही करण्याआधी तेवढी दोन पाने कुणाकडून तरी वाचून समजून घ्यावीत.