कर उतरला, लाभ कोणास?

सरकारने कर उतरविला की सर्वांस सारखाच लाभ झाला, अशी आपली सहज समजूत होते. ती कितपत खरी, हे हिंदुस्थानच्या १९०३ सालच्या अंदाजपत्रकावरून चांगले कळते.

लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय असता त्या वर्षी दोन सवलती मिळाल्या. मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला; आणि प्राप्तीवरील कर वार्षिक ५०० ऐवजी १,००० रुपयांपासून सुरू झाला.

आता तीन घरे कल्पू व प्रत्येकास वर्षास मणभर मीठ लागते असे धरू. पहिले, वर्षाकाठी ६० रुपये मिळविणाऱ्या मजुराचे. त्याचे आठ आणे वाचले. ही त्याची तीन दिवसांची कमाई! मात्र दुकानदाराने भाव उतरविला तरच. प्राप्तीवरील कर तो देतच नव्हता. तेव्हा ती सूट त्यास निरुपयोगी. दुसरे, दरमहा ६० रुपये पगाराच्या कारकुनाचे. रुपयास चार पै या दराने त्यास वर्षास १५ रुपये भरावे लागत. ते सर्व सुटले, शिवाय मिठाचे आठ आणे. तिसरे, वार्षिक ६,००० रुपये प्राप्तीच्या वकिलाचे. त्याचा प्राप्तीवरील कर कायम राहिला. आणि आठ आणे त्याच्या ध्यानीही आले नसतील.

मिठावरील तो कर १९४७ साली उठला. परंतु त्यातील धडा जुना झालेला नाही. विद्यार्थिमित्रहो, कर घटल्याची वार्ता वाचाल तेव्हा विचारा : कर कशावर होता, तो कोण भरीत होते, आणि वाचलेला पैसा त्यांच्या प्राप्तीचा कितवा हिस्सा?