घरचं कुणीतरी वाचून दाखवेल की!

समुपदेशकांची यादी देणारी वेबसाइट अंध माणसालाही वापरता यावी, असा विषय काढला की हमखास ऐकू येतं, "त्यात काय, घरचं कुणीतरी वाचून दाखवेल की!" अहो, समुपदेशक शोधणाऱ्याचं दुखणं पुष्कळदा घरातलंच असतं. नवऱ्याची दारू, भावाशी चाललेला जमिनीचा वाद, किंवा आईला कळू द्यायची नाही अशी काळजी. ती यादी त्याच घरच्यांकडून वाचून घ्यायची? मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 23 ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पण समुपदेशक शोधतानाच घरभर बोभाटा झाला, तर तो हक्क घेऊन करायचं काय?

पोलादपूर तालुक्यातल्या कापड्यासारख्या गावी तर हे आणखी अवघड. वाडीत सगळे एकमेकांना ओळखतात. जुलै 2021 मध्ये याच तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळ्याला दरडी कोसळल्या, शेजारच्या महाडमध्ये तळीये गाडलं गेलं. असं काही सोसलेल्याला पुण्या-मुंबईचा समुपदेशक गाठायचा, तर हाताशी मोबाइलच.

आणि अंध माणूस मोबाइल वापरतो, कानाने. अँड्रॉइडमधलं टॉकबॅक मराठी वाचतं, संगणकासाठी पडदा वाचून दाखवणारं एनव्हीडीए फुकट मिळतं. अडतं ते वेबसाइटपाशी. समुपदेशकाची माहिती नुसता फोटो म्हणून चिकटवली, की ऐकणाऱ्याच्या पदरी काहीच पडत नाही. मजकूर युनिकोडऐवजी जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर डोळ्यांना सुबक मराठी दिसते आणि कानावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ येतो. 'वेळ ठरवा' या बटणाला आतून नाव दिलेलं नसेल, तर फक्त 'बटण' ऐकू येतं. कसलं, ते देवालाच ठाऊक. नाव द्यायला एक ओळ पुरते हो!

"फोन नंबर दिलाय ना?" बहिऱ्या माणसाने त्याचं काय करावं? मेसेजची सोय द्या.

"असे लोक असतात किती?" 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक अपंग व्यक्तींची नोंद आहे.

"वेबसाइटवर एक तयार विजेट बसवलं की काम झालं." असाच दावा करणाऱ्या ॲक्सेसीबी कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2025 मध्ये 10 लाख डॉलर भरायला लावले.

"ही आमची समाजसेवा." मुळीच नाही. डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी सांगितलं आहे.

शिवाय यादीत प्रत्येक नावापुढे क्लिनिक कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे का, एवढं लिहायला काय हरकत आहे? नाहीतर व्हीलचेअरवरच्या माणसाने कापड्याहून महाड गाठायचं आणि जिना बघून परत फिरायचं?